गवतकापणीला गेलेली फौज

अठराशे सहासष्ट सालच्या जून महिन्यात सगळ्या जर्मनीत एकही राजा धड जेवला नसेल. माझा भाऊ बोथो तर उभ्यानेच जेवत होता. एका हातात पाव, दुसऱ्या हातात नुकतीच आलेली तार, आणि पाय चालूच. जेवणघराच्या या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत. खिडकी उघडायची, बाहेर बघायचं, लावायची, पुन्हा उघडायची.

"बोथो, बस रे बाबा," मी म्हणायची. "तुला बघून माझेच पाय दुखायला लागले."

"तू बघू नकोस ना मग."

आम्ही टाउबेनाऊचे ड्यूक. राजा म्हणवून घेण्याइतकी आमची ऐपत नव्हती. सकाळी घोड्यावर बसलं तर जेवणवेळेला सरहद्द यायची आणि जेवण शेजाऱ्याकडे मागायची पाळी. पण मुकुट होता, टांकसाळ होती, वाढदिवसाला उडवायच्या तोफा होत्या, आणि चारशे शिपाई होते. मी बोथोची थोरली बहीण, मेख्टिल्ड. लग्न केलं नाही. वहिनी गेल्यावर वाड्याचं सगळं माझ्याकडे आलं. भाऊ राज्य बघायचा आणि मी भावाला.

त्या काळी आमच्याकडे मुकुटांची नुसती दाटी होती. कोणी राजा, कोणी ग्रँड ड्यूक, कोणी नुसताच प्रिन्स, आणि प्रत्येकाच्या कानाशी एक प्रधान. सगळे एकमेकांचे मामेभाऊ, चुलतभाऊ नाहीतर व्याही. लग्नात भेटायचे, मयताला भेटायचे, आणि मधल्या काळात एकमेकांच्या प्रधानांना शिव्या द्यायचे. त्यातले दोघे मोठे: उत्तरेला प्रशिया आणि दक्षिणेला ऑस्ट्रिया. ते दोघे आता हातघाईवर आले होते, आणि आम्ही बारके सगळे दोन बैलांच्या झुंजीत सापडलेल्या कोंबड्यांसारखे इकडून तिकडे पळत होतो.

आमच्या घराचे तर दोन तुकडेच होते. बोथोचा मुलगा कूनो प्रशियाच्या घोडदळात कॅप्टन. मुलगी सिडोनी लिंझला दिलेली; तिचा नवरा आलोइस ऑस्ट्रियाच्या पायदळात मेजर. ही लग्नं नि नोकऱ्या ठरवल्या तेव्हा आम्ही स्वतःलाच शाबासकी दिली होती. दोन्हीकडे आपलं माणूस, चिंता मिटली!

फ्रँकफुर्टला सगळ्या जर्मन राज्यांची सभा असे. तिथे ऑस्ट्रियानं ठराव आणला, की प्रशियाविरुद्ध फौजा उभ्या करा. आमचे प्रधान लुडोल्फ फॉन वेर्डा आधीच सांगून थकले होते.

"सरकार, त्या दिवशी आपला प्रतिनिधी आजारी पडू दे. पोटात दुखतंय म्हणावं. फ्रँकफुर्टचं पाणी तसंही बरं नाही."

"मी ऑस्ट्रियाच्या सम्राटाला शब्द दिलाय, वेर्डा. सगळ्यांसमोर दिलाय. सभेत मी तुमच्या बाजूनं उभा राहीन म्हणून."

"शब्द तीन वर्षांपूर्वी दिलात. तेव्हा प्रशियाची फौज आपल्या नदीच्या पलीकडे तळ ठोकून बसली नव्हती."

"शब्दाला नदी कुठे आहे ते बघायचं नसतं."

वेर्डांनी माझ्याकडे बघितलं. उंच, किडकिडीत, कायम पडसं झालेला माणूस. लहानपणी बोथोबरोबर एकाच शिक्षकाच्या छड्या खाल्लेला. बोथोच्या वाट्याच्याही त्यानेच खाल्ल्या, कारण राजपुत्राला मारायची सोय नव्हती. तेवढ्या हक्कानं तो बोलायचा.

बोथोनं मत दिलं ते ऑस्ट्रियाच्या बाजूनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रशियाचा राजदूत आला. तरणाताठा, देखणा माणूस. दर गुरुवारी माझ्याशी पत्ते खेळायचा आणि मुद्दाम हरायचा. आज तो माझ्याकडे न बघता सरळ बोथोसमोर उभा राहिला आणि पाठ केल्यासारखं बोलला. टाउबेनाऊनं आपलं मत मागे घ्यावं. आपली फौज प्रशियाच्या हाताखाली द्यावी. तसं केल्यास ड्यूकांचं राज्य आणि मुकुट सुरक्षित राहील, ही हमी. न केल्यास उद्यापासून शत्रू.

"उत्तर कधी हवंय?" बोथोनं विचारलं.

"आज सूर्यास्तापर्यंत, महाराज."

"आपल्याकडे जूनमध्ये सूर्य उशिरा मावळतो, तेवढंच बरं," बोथो म्हणाला. कोणी हसलं नाही.

राजदूत जाताना दाराशी माझ्याजवळ थांबला. "बाईसाहेब, त्यांना समजवा. मला हे अजिबात आवडत नाहीये."

"मग कशाला आलात?"

"न येऊन चाललं असतं का?" असं म्हणून तो निघून गेला.

सकाळभर बोथो चालत होता. वाड्यात चालला, मग बागेत चालला. लिंडनच्या झाडांखाली उकाड्यानं जीव जात होता, आभाळ भरून यायचं आणि कोरडंच सरकून जायचं. मी आणि वेर्डा त्याच्या मागे. शेवटी कारंज्यापाशी वेर्डांनी नाक पुसलं आणि म्हणाले, "सरकार, एक वाट आहे. ऐकून घ्या, मग हवं तर मला हाकला."

"बोला."

"गादी सोडा. आज दुपारी. कूनोसाहेबांच्या नावानं. ते प्रशियाचे अधिकारीच आहेत, ते त्यांच्याबरोबर जातील. त्यांनी सम्राटाला काही शब्द दिलेला नाही. आपला शब्दही मोडत नाही आणि टाउबेनाऊही वाचतं."

मला खरं सांगायचं तर ते ऐकून हायसं वाटलं. किती सोपं! पण बोथोचा चेहरा लालबुंद झाला.

"म्हणजे मी इमानदार राहायचं आणि बेइमानी मुलाच्या हातून करवून घ्यायची? वा, वेर्डा! चोरी आपण करायची नाही, पोराला भिंतीवरून उतरवायचं!"

"राज्य वाचवायला याहून वाईट गोष्टी केल्यात लोकांनी."

"आणि माझे चारशे? ते कुठे जातील?"

"प्रशियाबरोबर. दुसरं काय?"

"आलोइसच्या समोर."

"आलोइससाहेबांसमोर दोन लाख असतील, सरकार. आपल्या चारशेंनी काय फरक पडतो?"

 बोथो टोपी न घालता, छडी न घेता, बागेच्या मागच्या फाटकातून बाहेर पडला. टाउबेनाऊचा ड्यूक कधी पायी रस्त्यावर उतरलेला मी पाहिला नव्हता. मी छत्री उघडली आणि त्याच्या मागे धावले. माझं वय तेव्हा साठीच्या पुढे, कंबरेला करकचून आवळलेलं कॉर्सेट, पायात वाड्यातले रेशमी जोडे. बाजारातले लोक दुकानातून बाहेर येऊन बघायला लागले. कसायानं घाईघाईत टोपी काढली, तिला रक्त लागलेलं.

"बोथो! अरे कुठे चाललायस?"

"मला माहीत असतं तर गाडी मागवली नसती का?"

तो छावणीकडे चालला होता. फाटकाबाहेर बायकांची ही गर्दी. कोणाच्या टोपलीत राय धान्याचा काळा पाव, कोणाच्या हातात लोकरी मोजे, भर जूनमध्ये! पोरं लढाईवर निघणार एवढं त्यांना कळलं होतं. कोणाशी लढायचं ते कोणालाच कळलं नव्हतं. बोथोला बघून सगळ्या बाजूला सरल्या. एक मात्र सरली नाही. ब्रिगिटे होल्त्साप्फेल, दारूभट्टीवाल्याची विधवा, गावात तिच्या तोंडाला सगळे भ्यायचे.

"महाराज, एक विचारू?"

"विचार."

"माझा थोरला नदीपलीकडे सुतारकी करतो. तिकडची बायको केली, तिकडचाच झाला, तिकडच्याच फौजेत घेतलाय त्याला. धाकटा इथे आत आहे. आता धाकट्यानं थोरल्यावर गोळी झाडायची का? तेवढं सांगा, म्हणजे मी त्याला तसं बजावून ठेवते. भाऊ म्हणून कचरायला नको ऐन वेळी."

कोणीतरी मागून तिची बाही ओढली. तिनं हात झटकला.

बोथो म्हणाला, "माझ्याही घरात तेच आहे, बाई. मुलगा प्रशियाकडे, जावई ऑस्ट्रियाकडे."

"ते माहीत आहे हो सगळ्या गावाला. म्हणून तर विचारते. तुमचं तुम्ही सोडवा, म्हणजे आमचंही त्यातच सुटेल."

  बोथो तिला वळसा घालून फाटकातून आत गेला. मैदानात शिपाई बंदुका पुसत बसले होते. मेजर डांकवार्ट, आमचा सेनापती, पांढऱ्या मिश्या ताणत धावत आला. जन्मभर कवायत घेतली होती त्यानं, आणि आता कुठे लढाईची आशा दिसत होती.

"तयार आहोत, महाराज! फक्त दिशा सांगा!"

बोथोनं मैदानाला एक फेरी मारली. मग दुसरी. शिपाई उभे राहिले, त्याच्याबरोबर त्यांच्या माना फिरत होत्या. कुंपणापलीकडे माळावर गवत कमरेइतकं वाढलं होतं, काही ठिकाणी पिवळं पडत चाललेलं. तो तिथे थांबला.

"मेजर, यातले शेतकऱ्यांचे पोरगे किती?"

"बहुतेक सगळेच, महाराज."

"आणि गवत कापायचं राहिलंय."

"लढाई आहे, महाराज. गवताचं कोण..."

"बंदुका कोठारात ठेवा. किल्ली माझ्याकडे आणा. सगळ्यांना घरी सोडा. गवतकापणीची रजा."

मेजरला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी तरी काय सांगणार? मीच छत्री मिटवून उभी होते.

"किती दिवसांची रजा, महाराज?"

"गवत संपेपर्यंत. मग ओट्स आहेत. मग बटाटे आहेत."

"आणि कोणी विचारलं, आपली फौज कुठे आहे, तर?"

"खरं ते सांगा."

मेजर डांकवार्टनं हुकूम पाळला. तो शिपायांसमोर उभा राहून मोठ्यानं ओरडला, "बंदुका कोठारात!" मिश्यांवरून पाणी ओघळत होतं. बोथोनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तर त्यानं तो खांदा हळूच काढून घेतला.

तेवढ्यात वेर्डांची गाडी आली. शिपाई गणवेश काखोटीला मारून, शर्टाच्या बाह्या वर करून फाटकातून बाहेर पडत होते, आणि बायका आनंदानं ओरडत होत्या की रडत होत्या ते कळत नव्हतं. वेर्डा गाडीतून उतरले ते धापा टाकतच.

"हे काय केलंत, सरकार?"

"शब्द पाळला. सम्राटाला सांगितलं होतं सभेत तुमच्या बाजूनं उभा राहीन. राहिलो. पोरं देईन असं म्हटलं नव्हतं."

"व्हिएन्नात हे कोण मानेल?"

"कोणी नाही."

"आणि बर्लिनमध्ये?"

"तिथे तर नाहीच."

"म्हणजे दोघेही आपल्याला भित्रे म्हणणार. मुकुटही जाणार आणि अब्रूही. थोडा तरी हिशेबीपणा..."  वेर्डा खरोखर रागावले होते. पन्नास वर्षांत मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं. "आपल्या आजोबांनी हे राज्य नेपोलियनच्या तोंडातून वाचवलं, सरकार. आणि आपण ते गवतात टाकलंत."

"आजोबांनी नेपोलियनला तीनशे पोरं दिली होती, लुडोल्फ. रशियाला गेली ती. परत किती आली?"

बोथोनं नावानं हाक मारली तशी वेर्डांनी रुमाल काढून नाक पुसलं.

संध्याकाळी राजदूत उत्तर घ्यायला आला. बोथो म्हणाला, मत मागे घेणार नाही. राजदूतानं विचारलं, मग आपली फौज कोणत्या बाजूला आहे? "गवत कापतेय," बोथो म्हणाला. राजदूताचे कान लाल झाले. त्याला वाटलं, आपली टिंगल चाललीय. त्यानं वाकून नमस्कार केला आणि निघून गेला. त्यानंतर मी पत्ते खेळले नाहीत.

प्रशियाची फौज दुसऱ्या दिवशी सकाळी बँड वाजवत आली. एक गोळी सुटली नाही. शेतात पोरं विळे टेकवून बघत उभी होती. त्यांचा कर्नल फार सभ्य होता. त्यानं दोनदा माफी मागितली आणि एका तासात वाडा रिकामा करायला सांगितला. वेर्डा आमच्याबरोबर येणार असं मी गृहीत धरलं होतं. ते पायरीवर उभे राहिले.

"मी थांबतो, बाईसाहेब. कोणीतरी इथलं, यांच्याशी बोलणारं हवं."

"त्यांची चाकरी करणार?" बोथोनं गाडीतून विचारलं.

"टाउबेनाऊची. मालक बदलला, सरकार. गाव तेच आहे."

बोथोनं गाडीवानाला खूण केली. वळणावर मी मागे बघितलं, बोथोनं नाही.

आम्ही लिंझला सिडोनीकडे गेलो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात बातमी आली. बोहेमियात केनिग्ग्रेट्सला मोठी लढाई झाली, ऑस्ट्रिया हरलं, आणि आलोइस त्यात गेला. सिडोनीनं आक्रोश केला नाही. ती कपाटं आवरत बसली. आलोइसचे शर्ट काढायची, घडी घालायची, मोडायची, पुन्हा घालायची. बोथो तिच्याजवळ जाऊन उभा राहिला तर मान वर न करता म्हणाली, "पपा, तुमचे लोक काय करत होते त्या दिवशी?"

"सिडोनी..."

"गवत वाळलं असेल ना एव्हाना?"

चारशे माणसांनी तिथे काही झालं नसतं हे तिलाही माहीत होतं. पण दुःखाला कुठेतरी दात रोवायला हवे असतात.

शरद ऋतूत प्रशियानं जिंकलेली राज्यं गिळली. मोठी गिळली, त्यात आमचं चिमुकलंही गेलं. कूनो त्यांच्या गणवेशातच भेटायला आला. छातीवर नवं पदक होतं. "पपा, मला द्यायची ती गादी तुम्ही नुसतीच घालवलीत," म्हणाला. "लढून घालवली असतीत तर मी मान खाली घातली नसती. मेसमध्ये मला काय म्हणतात माहीत आहे? गवत्या ड्यूकाचा पोरगा." चहा न पिता गेला.

मग सुरू झाली आमची भटकंती. बोथोला एका गावात महिनाभर काढवेना. कार्ल्सबाड झालं, मेरान झालं, जिनिव्हा झालं. ट्रंका पुरत्या उघडायच्या आत पुन्हा बांधायच्या. या औषधी पाण्याच्या गावांत त्या काळी पदच्युत मंडळींचा सुकाळ होता. कोणी इटलीतून हाकललेला, कोणी ग्रीसमधून, कोणी आमच्याच शेजारचा. एकेका मेजावर तीन-तीन माजी राज्यं नाश्ता करायची आणि कोणाच्या खुर्चीला मान जास्त यावरून रुसवे व्हायचे. माजी प्रधानही असत, ते जरा लांब बसून चिरूट ओढत आणि आपल्या धन्यानं कोणता सल्ला ऐकला नाही ते एकमेकांना सांगत. त्या सगळ्यांनी बोथोला जरा दूरच ठेवलं. ते लढून हरले होते, निदान पळून तरी हरले होते. याला कुठे बसवायचं?

बर्लिननं निरोप पाठवला होता: गादीवरचा हक्क कायमचा सोडल्याचं जाहीर करा, मग टाउबेनाऊत खुशाल राहा. बोथोनं साफ नाही म्हटलं. कोणी विषय काढला तरी उठून जायचा. "सगळं दिलं. एवढं देणार नाही." मुकुट नव्हता, पण मुकुटाचा हट्ट होता, आणि त्या हट्टावर तो चार वर्षं जगला.

सत्तर साली जुलैमध्ये प्रशियाची फ्रान्सशी लढाई पेटली. आम्ही तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये होतो. बोथो वर्तमानपत्र घेऊन माझ्या खोलीत आला.

"आपल्या पोरांची रेजिमेंट जातेय, मेख्टिल्ड. ट्रंक भर."

"कुठे जायचंय?"

"घरी."

"बंदी आहे आपल्याला. पकडतील."

"पकडू देत. बसून बसून तरी काय करतोय मी?" बसून! चार वर्षांत तो बसलेला मला आठवत नव्हता.

गाड्या सगळ्या शिपायांनी भरलेल्या. दोन दिवस धक्के खात, कुठे मालगाडीच्या डब्यात, आम्ही टाउबेनाऊच्या स्टेशनात उतरलो. फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. निळ्या प्रशियन गणवेशात आमचीच पोरं. आता पोरं कसली, दाढ्यामिश्यांचे बाप्ये. कोणाच्या खांद्यावर मूल, कोणाच्या गळ्यात बायको. बोथोला काहींनी ओळखलं. एकानं सलाम ठोकला, दुसऱ्यानं मान फिरवली. एक जण म्हणाला, "महाराज, यंदा गवत कापायचंय का ते विचारलं नाही कोणी," आणि हसून डब्यात चढला.

गाडी हलली. बायका थोडं अंतर गाडीबरोबर धावल्या, मग थांबल्या. बोथो टोपी हातात धरून उभा. गर्दी ओसरली तेव्हा फलाटाच्या टोकाला रुमालानं नाक पुसत एक उंच माणूस दिसला. जिल्ह्याचे मुख्य अधिकारी आता लुडोल्फ फॉन वेर्डा होते.

ते जवळ आले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग वेर्डा म्हणाले, "सरकार, आपण इथे असता कामा नये."

"माहीत आहे."

"संध्याकाळच्या गाडीनं आपल्याला परत पाठवणं माझं काम आहे."

"कर मग. तू नेहमी केलंसच तुझं काम." आणि रुमालाकडे बघून, "तुझं पडसं अजून गेलं नाही?"

"नाही. माझा नातू होता गाडीत. पाचव्या डब्यात."

बोथोनं त्याचा दंड धरला आणि दोघे बाकावर बसले. मी त्यांच्यासाठी लिंबूपाणी आणायला गेले, म्हणजे तसं सांगून गेले. परत आले तेव्हा वेर्डा बोलत होते.

"मी तुम्हाला मनातल्या मनात फार शिव्या घातल्या, सरकार. शेजारचा ड्यूक बघा. प्रशियाबरोबर गेला, पोरं गमावली, आणि गादीवर बसलाय. आज त्याचीही पोरं याच लढाईत चाललीत. मुकुट असून त्याला ती थांबवता आली नाहीत. मग फरक काय पडला, याचा विचार करून करून मला झोप येत नाही."

"मला कुठे येते?"

"मला वाटायचं, तुम्हाला येत असेल. तुम्ही तुमचं मन राखलंत."

"लुडोल्फ, त्या दिवशी मी मन वगैरे काही राखलं नाही. त्या बाईला उत्तर देता आलं नाही म्हणून मी पोरं घरी पाठवली. बस. दुसरं काही सुचलं असतं तर तेही केलं असतं." त्यानं रुळांकडे बघितलं. "इथे राहायचं असेल तर काय करावं लागेल?"

वेर्डांनी मान वर केली. "हक्क सोडावा लागेल. कायमचा. साक्षीदारांसमोर सही."

"तुझ्या कचेरीत होईल?"

"सरकार, नीट विचार करा. कूनोसाहेब..."

"कूनोला माझ्याकडून रिकामी खुर्चीच मिळणार होती. चल, ऊठ. संध्याकाळची गाडी यायच्या आत उरकू."

आणि ज्या गोष्टीसाठी चार वर्षं त्यानं युरोपभर ट्रंका वाहिल्या, ती त्यानं त्या दुपारी जिल्हा कचेरीत, जुन्या कागदांची धूळ उडणाऱ्या खोलीत, उभ्यानंच देऊन टाकली. साक्षीदार म्हणून मी सही केली. दुसरी सही स्टेशनमास्तरची. वेर्डांनी शिक्का आधी उलटा मारला, तो पुन्हा उमटवावा लागला.

आम्ही चर्चमागे एक घर भाड्यानं घेतलं. ऑगस्टपासून लढाईत पडलेल्यांच्या बातम्या यायला लागल्या. ज्या घरात बातमी येई तिथे बोथो जाई, पायीच. पहिल्यांदा लोकांना ते पटलं नाही. एका बाईनं त्याच्या तोंडावर दार लावलं. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, तेव्हा तिनं त्याच्यापुढे दुधाचा पेला ठेवला. मी कधी बरोबर जाई. हिल्डेब्रांट नावाच्या शेतकऱ्याचा मुलगा फ्रान्समधल्या मेत्सच्या वेढ्यात मारला गेला होता. म्हातारा अंगणात चाकाला वंगण लावत होता, ते त्यानं थांबवलं नाही.

"सहासष्टात त्याचं लग्न झालं नव्हतं," तो म्हणाला. "तेव्हा गेला असता तर मागे काही उरलं नसतं. आता दोन नातवंडं आहेत घरात. मी याबद्दल तुमचे आभार मानावेत की काय, मला कळत नाही, महाराज."

"नका मानू."

"मानत नाहीच मी. फक्त सांगितलं."

बोथो त्याच्या शेजारी ओंडक्यावर बसला. म्हातारा चाक फिरवत राहिला, बोथो वंगणाचं डबडं धरून बसला. आम्ही परतलो तेव्हा त्याचे हात काळे झाले होते.

वेर्डांचा नातू परत आला, एक पाय लंगडत. कूनोही आला, कर्नल होऊन. वडिलांना भेटायला तो तब्बल दोन वर्षांनी आला. पण तो जेवून गेला. सिडोनी मात्र कधीच आली नाही. दर नाताळला तिच्याकडून एक केक येई, आणि बोथो तो घरात कोणाला कापू देत नसे, स्वतःच कापून सगळ्यांना वाटायचा, आणि मग उठून खिडक्या उघडत फिरायचा.

चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये तो आजारी पडला. डॉक्टरनं बिछान्यातून उठायला बंदी केली. वेर्डा रोज येऊन उशाशी बसत आणि त्याला गावातल्या भांडणांच्या गोष्टी सांगत. कोणाची गाय कोणाच्या शेतात शिरली, पाद्री कोणावर चिडला. एके दिवशी सकाळी मी सूप घेऊन आत गेले तर बिछाना रिकामा. वेर्डा खुर्चीत मान टाकून घोरत होते. मी धावत बाहेर आले. बोथो रात्रीच्या सदऱ्यावर कोट चढवून फाटकाला धरून उभा होता. श्वास लागला होता, पण नजर रस्त्यावर.

"अरे, मरायचंय का तुला? कुठे निघालास?"

"पुढच्या गल्लीतल्या श्मिट्काच्या घरी बाळ झालंय म्हणे रात्री. बघून येऊ. पाच मिनिटांचं काम आहे."

मी त्याला आत चल म्हटलं असतं तर तो आला असता की नाही, देव जाणे. मी म्हटलंच नाही. माझी शाल त्याच्या खांद्यावर टाकली, त्याचा हात माझ्या हातात अडकवला, आणि आम्ही दोघं रस्त्याला लागलो.